‘आमच्याला पाच एमएल देतो’: तापाचं औषध मोजून द्यायची पद्धत, पायरी पायरीने

लहान मुलांचे आईबाबा एकत्र आले की कुणीतरी विचारतंच, “तुम्ही तापाला किती देता?” आणि लगेच उत्तर येतं, “आम्ही पाच एमएल देतो, लगेच उतरतो.” विचारणारी घरी जाते आणि पाच एमएल देते. सांगणारीचं चुकलं नाही, ऐकणारीचंही मन साफ आहे, पण या दोघींच्या मध्ये दोन गोष्टी गळून पडल्या: बाळाचं वजन किती आणि बाटलीतलं औषध किती ताकदीचं. या दोन गोष्टी माहीत नसतील तर एमएलचा आकडा म्हणजे नुसता आवाज आहे.

हा लेख पॅरासिटामॉलबद्दल आहे, कारण घरोघरी तेच असतं. डॉक्टरांनी डोस लिहून दिला असेल तर तोच द्यायचा, इथलं गणित तो ताडून बघण्यासाठी आहे, डॉक्टरांना बाजूला सारण्यासाठी नाही. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर पुढचं काहीच घरी करायचं नाही, ताप दिसला की सरळ डॉक्टर.

## १. ताप नसतानाच करून ठेवायची तयारी

रात्री दोन वाजता, एक हात रडणाऱ्या पोराच्या पाठीवर आणि दुसऱ्या हातात बाटली, अशा अवस्थेत कुणालाही भागाकार येत नाही. मला तर नाहीच येत. म्हणून ही कामं दिवसाउजेडी, पोर हसतखेळत असताना करायची.

पहिलं काम वजन. मोठ्यांच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग बाळाला कडेवर घेऊन उभे राहा, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करा. काटा सपाट फरशीवर हवा, गालिच्यावर नको. दोनदा करा, दोन्ही वेळा उत्तर जवळपास सारखं आलं पाहिजे. अगदी तान्ह्या बाळाला ही पद्धत चालत नाही, तिथे अर्ध्या किलोची चूकही फार मोठी ठरते, त्यामुळे त्याचं दवाखान्यात झालेलं शेवटचं वजन धरा. हा आकडा तारखेसकट लिहून ठेवा. पहिल्या वर्षात दर महिन्याला आणि नंतर तीनेक महिन्यांनी बदला, कारण सहा महिन्यांपूर्वीच्या वजनावर काढलेला डोस आता कमी पडतो आणि मग लोक म्हणतात “हे औषध आमच्याला लागूच पडत नाही.”

दुसरं, मोजायचं साधन. तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज, ५ एमएलची, खुणा स्पष्ट असलेली. बाटलीबरोबर आलेलं माप चालेल, पण ते त्याच बाटलीसाठी. घरातला चमचा नको म्हणजे नको. चमच्याचमच्यात अडीच एमएलपासून सात एमएलपर्यंत फरक निघतो, म्हणजे “एक चमचा” हे माप कुणी दिलं त्यावर डोस दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये स्पष्टच सांगितलं की मुलांच्या पातळ औषधाचे डोस फक्त एमएलमध्ये लिहा, चमच्यात नको.

तिसरं, थर्मामीटर, आणि त्याचा सेल संपलेला नाही ना हे बघणं. (आमच्या घरी सेल नेहमी तापाच्या रात्रीच संपतो, तुमच्याकडे वेगळं असेल तर भाग्यवान आहात.)

आणि चौथं, इतर आईबाबांना योग्य प्रश्न विचारणं. त्यांना डोस विचारू नका. रात्री फोन उचलणारे बालरोगतज्ज्ञ कोण, रविवारी उघडा दवाखाना कुठला, रात्रभर चालू असलेलं औषधाचं दुकान कुठलं, लहान मुलांची इमर्जन्सी कुठल्या हॉस्पिटलात खरंच बघतात, हे विचारा. जवळ राहणारे आईबाबा हे डॉक्टरपेक्षाही चांगलं सांगतात. ते नंबर फोनमध्ये घाला आणि कागदावरही लिहा, कारण फोन नेमका चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो.

तपासा: कपाटाला किंवा फ्रिजला लावलेल्या एका कागदावर वजन, तारीख, डॉक्टरांचा नंबर आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस आहे का? नसेल तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा हाच कागद पुढे करा आणि लिहून घ्या.

## २. बाटली वाचा, पूर्ण वाचा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवू.

बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, ते विसरा. बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि ताकद असते, ती बघा. “प्रत्येक ५ एमएलमध्ये पॅरासिटामॉल १२० एमजी” असं काहीतरी लिहिलेलं असेल. दुसऱ्या बाटलीवर तेच २५० एमजी असेल. बाटली तशीच, रंग तसाच, चव तशीच, कधीकधी नावही तेच आणि पुढे फक्त एखादा आकडा जास्त, पण औषध दुपटीहून जास्त. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स वेगळेच, त्यात बऱ्याचदा एका एमएलमध्येच १०० एमजी असतं.

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ड्रॉप्सची बाटली छोटी, बाळही छोटं, म्हणून वाटतं की ड्रॉप्स म्हणजे सौम्य औषध. उलट आहे. ड्रॉप्स जास्त ताकदीचे असतात, कारण तान्ह्या बाळाच्या तोंडात थोडंसंच औषध मावतं. मूल मोठं झालं, घरात सिरप संपलं, म्हणून ड्रॉप्स सिरपसारखे मोजून दिले की काम बिघडलं.

परदेशातून कुणी बाटली आणली असेल तर अजून एक गंमत. अमेरिकेत पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन म्हणतात. औषध एकच, नावं दोन. त्यामुळे “ते वेगळं आहे, दोन्ही देऊ” असं करणारेही आहेत. शिवाय तिथल्या मुलांच्या सिरपमध्ये ५ एमएलला १६० एमजी असतं. पूर्वी तिथेही तान्ह्यांचे ड्रॉप्स वेगळ्या, जास्त ताकदीचे होते, पण गोंधळ होऊन चुका व्हायला लागल्या म्हणून २०११ मध्ये कंपन्यांनी ते बंद करून सगळं एकाच ताकदीवर आणलं. म्हणजे हा घोळ आपल्या बावळटपणामुळे होत नाही, बाटल्याच तशा आहेत.

आता घरातल्या बाकीच्या बाटल्या काढा. सर्दीचं सिरप, खोकल्याचं सिरप, “सर्दी-ताप” असं दोन्ही लिहिलेलं सिरप, सगळ्यांच्या मागचं वाचा. यातल्या बऱ्याच बाटल्यांत आधीच पॅरासिटामॉल असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं असं समजून दोन्ही दिलं की नकळत डबल डोस. गुदद्वारातून द्यायच्या गोळ्या असतात, त्यातही हेच औषध असतं आणि तेही हिशेबात धरायचं.

आयब्युप्रोफेन हे वेगळं औषध. त्याचा डोस वेगळा, दोन डोसांमधलं अंतर वेगळं. मुलाला उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते द्यायचं नाही, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. दोन्ही आलटून पालटून द्यायचा सल्लाही सर्रास मिळतो. तो डॉक्टरांनी दिला असेल तरच पाळा, कारण आलटून पालटून देण्यात वेळा चुकतातच.

सावधान: अ‍ॅस्पिरिन मुलांना तापासाठी द्यायचं नाही, मोठ्यांची गोळी पाव करून तर अजिबातच नाही. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या आजारात अ‍ॅस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण जीवघेणा त्रास होऊ शकतो, त्यात मेंदूला आणि यकृताला इजा होते.

एक्सपायरीची तारीख बघा, आणि बाटली उघडली कधी तेही लेबलवर पेनाने लिहा. उघडल्यावर किती दिवस चालते ते बाटलीवर असतं, छापलेली एक्सपायरी ही न उघडलेल्या बाटलीची.

## ३. ताप हाताने नाही, थर्मामीटरने

कपाळाला हात लावून कळतं की अंग गरम आहे, किती ते कळत नाही. आपले हात गार असले की सगळंच तापलेलं लागतं.

काखेत मोजत असाल तर काख आधी कोरडी पुसा, टोक बरोबर मध्ये ठेवा, हात अंगाशी धरून ठेवा आणि बीप होईपर्यंत काढू नका. आंघोळीनंतर, खूप रडल्यावर किंवा पांघरुणात गुंडाळलेलं असताना लगेच मोजू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो. त्यात आपण स्वतःहून काही मिळवायचं नाही, डॉक्टरांना फक्त “काखेत इतका” असं सांगायचं, ते समजून घेतात. कपाळावर धरायचा थर्मामीटर असेल तर घाम पुसून आणि सांगितलेल्या अंतरावरूनच धरा, नाहीतर प्रत्येक वेळी नवा आकडा दाखवतो आणि घरात भांडणं लागतात.

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, आणि त्याच्या वर गेला की ताप म्हणायचं.

## ४. द्यायचंच का, हे आधी ठरवा

आकडा दिसला की बाटली उघडायची हा बहुतेकांचा पहिला उद्योग. पण ताप हा शरीराचा लढा आहे, औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून, थर्मामीटरला बरं वाटावं म्हणून नाही. १०१ ताप असून पोर खेळतंय, पितंय, हसतंय, तर थांबून लक्ष ठेवलं तरी चालतं. १००.५ ताप आहे पण मलूल पडलंय, अंग दुखतंय म्हणून किरकिर करतंय, प्यायला नको म्हणतंय, तर औषधाचा विचार करा. झोपलेल्या मुलाला फक्त डोसची वेळ झाली म्हणून उठवायची गरज नसते. आणि “फिट येऊ नये म्हणून” ताप यायच्या आधीच औषध पाजत राहणारे आहेत, त्यांनी हे ऐकावं: तापाचं औषध दिल्याने तापात येणारी फिट टळत नाही.

## ५. आता गणित

पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस दर किलो वजनाला १० ते १५ एमजी. आधी एमजी काढायचे, मग एमएल. उलट्या क्रमाने कधीच नाही.

समजा मूल १० किलोचं आहे. म्हणजे एका वेळी १०० ते १५० एमजी. आता बाटलीकडे वळा.

- ५ एमएलमध्ये १२० एमजी असेल, तर एका एमएलमध्ये २४ एमजी. डोस साधारण ४ ते ६ एमएल.
- ५ एमएलमध्ये २५० एमजी असेल, तर एका एमएलमध्ये ५० एमजी. डोस २ ते ३ एमएल.
- एका एमएलमध्ये १०० एमजी असलेले ड्रॉप्स असतील, तर डोस १ ते दीड एमएल.

आता ते सुरुवातीचं “पाच एमएल” याच १० किलोच्या मुलाला लावून बघा. पहिल्या बाटलीतून १२० एमजी जातात, बरोबर बसलं. दुसऱ्या बाटलीतून २५० एमजी, म्हणजे एका वेळच्या जास्तीत जास्त डोसच्याही दीडपटीहून वर. आणि ड्रॉप्समधून ५०० एमजी, एका मोठ्या माणसाची अख्खी गोळी. सल्ला एकच, बाटल्या तीन, आणि शेवटचं प्रकरण दवाखान्यात नेण्यासारखं.

दोन डोसांमध्ये कमीत कमी चार तास, जमलं तर सहा. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे १० किलोच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून ६०० एमजीच्या वर नाही. सगळं मिळून म्हणजे सर्दीच्या बाटलीतलंही त्यातच आलं.

ताप जास्त म्हणून डोस जास्त, हे गणित कुठेच बसत नाही. १०१ला जो डोस तोच १०३ला.

यकृताचा त्रास असलेली मुलं, वेळेआधी जन्मलेली बाळं, खूप अशक्त किंवा वजन फारच जास्त असलेली मुलं, यांचा डोस डॉक्टरच ठरवणार, हे गणित त्यांना लावू नका.

तपासा: उत्तर आलं की घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला तुमचं उत्तर न सांगता फक्त वजन आणि बाटली द्या आणि त्याला काढू द्या. दोघांचं जुळलं पाहिजे. दशांशाचं टिंब सरकणं ही सगळ्यात घातक चूक आहे, १.५चं १५ व्हायला वेळ लागत नाही.

## ६. मोजा आणि पाजा

बाटली नीट हलवा. औषध तळाशी बसतं, न हलवता वरचं दिलं तर सुरुवातीला पाणचट आणि बाटली संपत आली की दाट असा प्रकार होतो. सिरिंजमध्ये हव्या त्या खुणेपेक्षा थोडं जास्त ओढा, टोक वर करून हवेचा बुडबुडा काढा आणि मग दट्ट्या खुणेवर आणा. खूण डोळ्यांच्या समोर धरून बघा, वरून वाकून नाही.

मूल जरा उठून बसलेलं हवं, आडवं नाही. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला सरकवा आणि थोडं थोडं सोडा, मध्ये गिळू द्या. घशाकडे जोरात पिचकारी मारली की ठसका लागतो आणि पुढच्या वेळेला सिरिंज दिसताच तोंड गच्च. नाक दाबून पाजायचा जुना प्रकार करू नका.

दुधाच्या भरलेल्या बाटलीत औषध कालवणं ही पण नेहमीची चूक. मूल अर्धी बाटली पिऊन झोपतं आणि मग किती औषध पोटात गेलं ते देवालाही कळत नाही. फारच नखरे असतील तर दोन घोटांइतक्या दुधात द्या, आधी ते संपवू दे.

उलटी झाली तर? दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर आलं तर तोच डोस एकदाच परत देता येतो. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर परत द्यायचं नाही, पुढच्या वेळेची वाट बघायची. आणि थोडंसं थुंकलं, किती गेलं ते कळलं नाही, तर अंदाजाने टॉप-अप करू नका.

## ७. लगेच लिहा, नंतर नाही

वेळ, एमजी, एमएल, कोणी दिलं. चारच गोष्टी, त्याच कागदावर, सिरिंज धुवायच्या आधी.

हे मी अनुभवाने सांगते. मी साडेदहाला औषध देऊन झोपले, पावणेबाराला पोर कुरकुरलं, नवरा उठला, मला कशाला उठवायचं म्हणून त्याने प्रेमाने परत एक डोस दिला. सकाळी दोघांनी एकमेकांना कौतुकाने सांगितलं आणि दोघांचेही चेहरे पडले. डॉक्टरांना फोन केला, दोन्हीचे मिळून एमजी सांगता आले म्हणून त्यांनी हिशेब करून घरीच थांबायला सांगितलं. तेव्हापासून नियम असा की कागदावर नाही म्हणजे दिलेलं नाही, आणि कागद न बघता बाटलीला हात लावायचा नाही. पाळणाघर, आजी-आजोबा, सांभाळायला येणाऱ्या ताई, सगळ्यांना हाच नियम. मुलाला सोडताना “सकाळी आठला दिलंय” एवढं तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या.

## ८. दिल्यावर काय बघायचं

अर्ध्या तासात फरक पडायला लागतो, पूर्ण परिणामाला तास-दोन तास लागतात. ताप एखाद-दीड अंश सेल्सिअस उतरला तरी औषधाने काम केलं. ३९.५चा ३८.३ झाला आणि पोर उठून बसलं, तर “उतरलाच नाही” म्हणून पुढचा डोस अलीकडे ओढायची गरज नाही.

या वेळात कपडे हलके ठेवा, थोडं थोडं प्यायला देत राहा. जाड पांघरुणात घाम काढू नका, आणि गार पाण्याने किंवा बर्फाने पुसूही नका, त्याने थंडी भरून अंग उलट जास्त तापतं. स्पिरिट अंगाला कधीच लावायचं नाही.

फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, ना चमचा ना पाणी ना औषध, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर अँब्युलन्स. थांबली तरी पहिली फिट असेल तर त्याच दिवशी दाखवायचंच.

## ९. हिशेब बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा, कधी?

- बाळ तीन महिन्यांच्या आतलं आणि ताप ३८ किंवा वर. तीन ते सहा महिन्यांचं असेल तर ३९ला.
- श्वास जोरात चालतोय, छाती आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसतायत.
- उठवूनही नीट उठत नाही, नजर लागत नाही, किंवा न थांबता विचित्र रडतंय.
- सात-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं पडलंय.
- मान आखडलीय, किंवा अंगावर असे ठिपके आलेत जे काचेचा ग्लास दाबून धरला तरी फिके होत नाहीत.
- तीन दिवस झाले आणि ताप येतोच आहे.

ताप उतरल्यावरही मूल मलूलच असेल तर आकडा कितीही छान दिसो, दाखवा.

## १०. डोस जास्त गेला असं लक्षात आलं तर

पोर छान खेळतंय म्हणून “बघू सकाळी” करू नका. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी बऱ्याचदा काहीच दिसत नाही, थोडी मळमळ इतकंच, आणि आत यकृतावर परिणाम होत असतो. यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध, पण ते पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. म्हणून दोन डोस लागोपाठ गेले, चुकीच्या बाटलीतून गेलं, किंवा मुलाने स्वतःच बाटली उघडून तोंडाला लावली, तर लगेच डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलला फोन. मुद्दाम उलटी काढायला लावू नका. फोनवर चार गोष्टी विचारतील: वजन किती, कुठली ताकद, किती एमएल, किती वाजता. निघताना बाटली आणि तो कागद, दोन्ही बरोबर घ्या, बाटली रिकामी असली तरी.